सही तुझी हवी होती

प्रिय वैनी,

वकीलबाईंनी सांगितलंय, "त्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते घरी बसून लिहून आणा. जसं झालं तसं. मग त्यावरून तुमचं शपथपत्र तयार करू." म्हणून घाटनांदूरहून कोरे कागद आणले, नवं पेन आणलं, ओट्यावर बसलो. वरती लिहायचं होतं, 'मी, खाली सही करणार, वैजनाथ...' आणि हातातून उतरलं 'प्रिय वैनी'. कागद फाडला. दुसऱ्या कागदावरही तेच! मग म्हटलं, आधी तुलाच लिहू. शपथेवर खरं सांगायचंय, तर ते पहिल्यांदा तुझ्यासमोर सांगायला पाहिजे.

तुला 'तू' लिहितोय, आईनं बघितलं तर आत्ताही ओरडेल. "थोरल्या भावजयीला तू म्हनतंय, लाज वाटती का बे तुला?" आणि तू आतून हसत म्हणायचीस, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई, त्यांच्या तोंडी तेच गोड लागतंय."

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी सहावीत होतो. शेंबूड पुसायची अक्कल नव्हती मला, आणि तू म्हणायचीस, "भावजी, तुमी जेवलात का?" एवढ्याशा पोराला तुमी! मला लई भारी वाटायचं. आता वाटतं, तिथूनच मी बिघडलो. थोरली तू, मानानं वागवायचीस मला, आणि मी समजून चाललो की तुझं पण ठरवायचा हक्क मला आहे.

तिच्याबद्दल घरात फक्त तुलाच माहीत होतं. आंबाजोगाईच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती ती. मी काही न सांगता तू ओळखलंस. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणालीस, "भावजी, दिवसभर त्या मोबाईलकडंच बघताय. एकदाची हळद लावून टाका त्याला, वरात मी काढते." मी लाजलो, मग चिडलो, मग सगळं सांगून टाकलं. नाव ऐकून म्हणालीस, "नाव तर बरं हाय. सोभाव?" मी म्हणालो, "लई शांत." "मग जमतंय. घरात एक तरी शांत पायजे."

आणि कॉलेज सोडल्याचंही तुलाच कळलं. कँटीनमध्ये एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला, मी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. प्राचार्यांनी घरच्यांना घेऊन ये म्हणून सांगितलं. घरच्यांना कुठून नेणार? दुसरं वर्ष नुकतं सुरू झालेलं, मी जाणंच बंद केलं. रोज दप्तर घेऊन निघायचो आणि घाटनांदूर स्टेशनच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचो. तू एक दिवस वह्या उघडून माझ्यासमोर ठेवल्यास. "येक पान पुढं गेलेलं न्हाई भावजी. कुठं जाता वो तुमी?" मी वह्या मिटून स्टेशनचं सांगितलं. तू घरात कुणाला सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "परत जावा. म्या दहावीपस्तोर शिकले, पुढं कुनी जाऊ दिलं न्हाई. तुमाला जाऊ देतेत तर जावा की!"

नाही गेलो.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी तुझं पोट दुखायला लागलं. अंगावरून जायचं, कंबर धरून बसायचीस. तालुक्याच्या गावातल्या त्या खाजगी दवाखान्यात आईनं नेलं. सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाला, गर्भाच्या पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल. आईला त्यात काही नवल वाटलं नाही. तिची काढलेली, चुलतीची काढलेली, समोरच्या घरातल्या दोघींची काढलेली. आपल्या गल्लीत पिशवी असलेली बाई शोधायची तर म्हाताऱ्यांना सोडून लेकीबाळींत शोधावी लागते! ऊस तोडायला जायचं म्हटलं की बायका आधी तेवढं उरकून घेतात. फडात पाळीचा त्रास नको, खाडा नको. दादा आणि तू मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात माणसं नसतात, कोयते असतात. तू बसलीस की कोयता अर्धा. म्हणून ऑपरेशनची तारीख पण दादानं मुकादमाला विचारून धरली, टोळी निघायच्या आधी टाके सुकतील अशी.

तू एकटीच म्हणत होतीस, "आधी गोळ्यानं बरं वाटतंय का बघू." मला बाजूला घेऊन म्हणालीस, "भावजी, आंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एकदा दाखवू. तुमाला तिथलं सगळं ठावं हाय. तिथं बी काढा म्हनले तर काढू."

मी काय म्हणालो आठवतं? "काही गरज न्हाई वैनी, डॉक्टर येडा हाय का?"

खरं कारण आज लिहितो. आंबाजोगाईत मला तोंड दाखवायचं नव्हतं. बसस्टँडवर कुणी पोरं भेटतील, ज्याला मारलं तो भेटेल, ती भेटेल आणि विचारेल कॉलेजला का येत नाहीस! तुझ्या पोटापेक्षा माझं नाक मोठं होतं, वैनी. तू पुन्हा म्हणाली नाहीस. मला 'तुमी' म्हणणारी तू, माझ्यावर जोर कसा करणार?

ऑपरेशनच्या दिवशी दादा मुकादमाकडं गेलता. दवाखान्यात तू, आई आणि मी. कॉलेजातल्या तिनं सकाळीच कळवलं होतं की दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार आहेत. माझा जीव मोबाईलमध्ये. ये म्हणत होतो, थांब म्हणत होतो, पळून जाऊ म्हणत होतो. काय काय लिहिलं असेल, देव जाणे!

सिस्टर कागद घेऊन आली. "शिकलेलं कोन हाय तुमच्यात?" आईनं मला पुढं ढकललं. "ह्यो माजा वैजू. कॉलेजला हाय." तू माझ्याकडं बघितलंस. तुला खरं माहीत होतं, तरी एक शब्द बोलली नाहीस. माझी लाज राखलीस. कागद इंग्रजीत होता, बारीक अक्षर. मला समजलं नाही असं म्हणता आलं असतं. मराठीत सांगा म्हणता आलं असतं. पण आईनं आत्ताच कॉलेजला हाय म्हणून सांगितलेलं! आणि खिशात मोबाईल थरथरत होता.

तू खाटेवर बसलेलीस, हिरवा गाऊन घालून. दोन हात लांब. शुद्धीत, चांगली बोलत होतीस. मला म्हणालीस, "काय लिव्हलंय वो त्यात, भावजी?"

मी म्हणालो, "काही न्हाई गं. फॉर्म्यालिटी हाय."

आणि सही केली.

तू हसलीस. "वाचलं तरी का? का तिचीच चिठ्ठी समजून सही केली?" सिस्टर पण हसली. मी मोबाईल घेऊन बाहेर गेलो. तुला आत नेलं तेव्हा मी जिन्यात होतो. मोबाईलवर तिनं शेवटी काय उत्तर दिलं ते मला आज आठवत नाही, खरं सांगतो, एक अक्षर आठवत नाही. तू काय विचारलंस ते मात्र रोज ऐकू येतं.

पुढचं तुला माहीत आहे, आणि नाहीही. ऑपरेशननंतर रक्त थांबेना. आई सारखी सांगायला जायची आणि सिस्टर म्हणायची, होतं असं. सकाळी तुझे ओठ पांढरे पडले तेव्हा डॉक्टर धावत आला आणि म्हणाला, इथं जमणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी आंबाजोगाईच्याच रस्त्याला लागली बघ, जिथं तुला आधीच जायचं होतं! दादा तोपर्यंत आलता. तुझं डोकं त्याच्या मांडीवर. अर्ध्या रस्त्यात त्यानं तुझा हात धरला, नाकापुढं बोट धरलं आणि नुसतं माझ्याकडं बघितलं.

ड्रायव्हर म्हणाला, "तरी पन पुढं चला. सरकारी दवाखान्यात नोंद हुईल." शहाणा माणूस. मी त्याच्या अंगावर ओरडलो. मी गाडी वळवायला लावली. मला तुझी नोंद नको होती, मला त्या डॉक्टरची कॉलर पाहिजे होती.

दवाखान्याच्या दारात आपल्या गावची पोरं जमली होती. पहिला दगड माझा. काच फुटली, मग कॉम्प्युटर, मग कपाट, कागद सगळीकडं. पोलीस आले. त्यांच्यातला एक वयस्कर हवालदार समजावत होता, "पोस्टमार्टम करून घ्या रे, उद्या लागंल." मी छातीवर हात मारून ओरडलो, "येकदा कापली, परत कापू देनार न्हाई! सवाष्ण गेलीय ती, हिरवा चुडा घालून जाऊ द्या तिला!" सगळे हळहळले. म्हातारी माणसं म्हणाली, पोरगं बरोबर बोलतंय. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. दोन दिवस सगळ्या तालुक्यात फिरला. 'भाऊ, एकच नंबर!' म्हणून पोरं लिहीत होती. वैनी, तुझ्या सरणाची राख गरम होती आणि मी ते वाचत होतो. बरं वाटत होतं मला. हे कुणालाच सांगितलं नाही, तुला सांगतोय.

तिनं पण तो व्हिडिओ बघितला. 'असं करायला नको होतंस' एवढंच लिहिलं आणि मला ब्लॉक केलं. आता तिचं लग्न झालंय, लातूरकडं दिली. नंबर अजून ठेवलाय मी. तू असतीस तर मोबाईलच चुलीत घातला असतास.

दादानं बीडच्या ग्राहक आयोगात दवाखान्याविरुद्ध तक्रार टाकलीय. वकीलबाईंकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ऐटीत सगळं सांगितलं, काचा कशा फोडल्या, पोलीस कसे आले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोस्टमार्टम?"

"नाही केलं."

"मृत्यू कुठं झाला याची नोंद?"

"गाडीत गेली. नोंद नाही."

"दवाखान्याची फाईल? ऑपरेशनचे कागद, किती रक्त गेलं, कधी तपासलं?"

"ते द्यायला तयार नाहीत. तोडफोडीत गहाळ झाले म्हणतात."

"कुणी केली तोडफोड?" उत्तराची वाट न बघताच त्या म्हणाल्या, "मागितले असते तर ते कागद त्यांना द्यावेच लागले असते. पेशंटचा हक्क आहे तो. साधा अर्ज द्यायचा होता, दगड नाही."

ऐकलंस? तुझ्या बाजूनं बोलणारं जे जे होतं ते मीच मोडलं, मीच जाळलं. आणि गंमत बघ, सगळी फाईल गहाळ, पण माझ्या सहीचा कागद तेवढा शाबूत! तो त्यांनी आयोगात लावलाय. त्यांचं म्हणणं, घरातल्या शिकलेल्या माणसाला सगळं मराठीत समजावलं, त्यानं वाचून संमती दिली.

वकीलबाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला. "पेशंट शुद्धीत होती?"

"हो."

"सज्ञान?"

"लेकराची आई होती, मॅडम."

"त्याच घटकेला ऑपरेशन केलं नसतं तर जीव गेला असता, असं होतं का?"

"नाही. तारीख आमीच धरलती."

"लिहिता-वाचता यायचं?"

मी काय सांगू त्यांना? बचत गटाची सचिव होतीस तू! गल्लीतल्या बायकांचे हात धरून त्यांना सही शिकवलीस. आईचा अंगठा सोडवलास. तुझी ती सही, शिवकन्या, 'न्या'ची काठी खालपर्यंत ओढून तिला शेपूट काढायचीस, आणि म्हणायचीस, "ही माजी खूण हाय, कुनाला जमायची न्हाई."

"मग सही तिची का नाही?" वकीलबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी दीर आहे ना तिचा."

त्यांनी चष्मा काढला. "दीर आहात. पण पोट तिचं होतं."

मग समजावून सांगितलं. शुद्धीतल्या मोठ्या माणसाच्या अंगाला हत्यार लावायचं तर त्याला स्वतःला, त्याच्या भाषेत सांगायला लागतं. काय काढणार, का काढणार, न काढता दुसरा इलाज आहे का. हो म्हणायचा हक्क त्याचाच, आणि नको म्हणायचा पण. जीव जायची वेळ नसेल तर नवरा, सासू, दीर, कुणाचीच सही त्याच्या जागी चालत नाही. म्हणजे वैनी, तू "आधी गोळ्या बघू" म्हणत होतीस ना, तोच कायदा होता! तू चुलीपाशी बसून कायदाच बोलत होतीस आणि मी तुला गप्प केलं.

"बाकी पुराव्यात आता दम नाही," त्या म्हणाल्या. "पण तिला विचारलंच नाही, ही एक गोष्ट भक्कम आहे. अन् ती सांगू शकणारे तुम्हीच. तिनं विचारलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात जायचं म्हणाली होती, कुणी समजावलं नाही, तुम्ही न वाचता सही केली. हे शपथेवर सांगाल? त्यांचा वकील तुमची पार सालटी काढेल. तोडफोडीची केस आहेच तुमच्यावर. घरी विचार करून या."

घरी आलो तर मुकादम बसलेला. त्याचं दवाखान्यात येणं-जाणं आहे. "वैजू, मिटवून टाक बे. त्ये तुज्यावरची केस मागं घेतेत, तुमी तक्रार मागं घ्या. वकिलीनबाईला काय जातंय? आत तुला जावं लागंल." मग दादाकडं वळून म्हणाला, "अन् तू किती दिस अर्धा कोयता घेऊन हिंडनार? येक स्थळ हाय, पुरा करून टाकू."

दादा उठून गोठ्यात गेला. मी एरवी मुकादमाला उचलून बाहेर टाकला असता. हात शिवशिवत होते. तुझी शपथ, बसून राहिलो.

आईला सांगितलं मी काय लिहून देणार ते. तिनं कपाळ बडवलं. "दिरानंच मारली म्हनतील लोक! सही माजी न्हाई म्हून सांग. तिनंच केली म्हून सांग!" तुझी सही, वैनी! ती शेपटी मी खोटी कशी काढू?

मग गोठ्यात गेलो. दादा बैलाच्या खांद्याला तेल लावत होता, जू लागून सोलवटलंय ते. मी सगळं सांगितलं. तू आंबाजोगाईला जाऊ म्हणालीस ते. का नेलं नाही ते. सहीच्या वेळी काय विचारलंस, मी काय म्हणालो. वाटलं, आता हा मला मारणार. मारावं असं वाटत होतं.

दादा तेल लावत राहिला. बैलाकडंच बघत म्हणाला, "म्या असतो तर म्याच केली असती सही. अन् मला तर तिनं इचारलं बी नसतं." मग बैलाच्या मानेवर हात ठेवून तसाच उभा. "लिही. तारीख म्या धरली, मुकादमाला इचारून धरली. त्याला इचारलं, तिला न्हाई. ते बी लिही."

त्या दिवशी जेवताना आई चुलीपुढं भाकरी करत होती. चिऊ, तुझी लेक, ताटात कालवत बसलेली. आई तव्याकडं बघत एकदम म्हणाली, "माज्या येळंला तुमच्या बापाचा अंगठा होता. म्या म्हनलं व्हतं, नको काढाया. म्हनलं व्हतं म्या." भाकरी करपली तरी उलटायचं भान नाही तिला. मग माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "काय लिव्हायचं ते लिही. शिवकन्येचं खोटं नको लिवू."

चिऊ विचारत होती, "आज्जी, कुनाला नको काढाया?" कुणीच उत्तर दिलं नाही तिला. तुझ्या घरात अजून आम्ही असेच आहोत बघ, विचारलं की गप्प बसणारे!

तर वैनी, मी परवा बीडला जाणार. ओट्यावर बसून जे तुला लिहिलं तेच तिथं शपथेवर सांगणार. त्यांचा वकील विचारेल, सही करताना तुम्ही काय करत होता? सांगेन, मोबाईल बघत होतो. तिचं नाव सांगणार नाही, तिचा काही दोष नाही त्यात. तोडफोडीच्या केसमध्ये पहिला दगड माझा होता हेही कबूल करीन, जी सजा होईल ती होईल. पण तक्रार मागं घेणार नाही, मुकादमानं दारात लोळण घेतली तरी. हरलो तर दादा वरच्या आयोगात जाईल, मी बरोबर असेन. डॉक्टरच्या अंगावर हात टाकणार नाही. एवढं माझ्याच्यानं होईल का, असं तू हसून विचारशील. करतो, बघ तू.

आणि चिऊ काही विचारेल तेव्हा 'काही न्हाई गं' हे शब्द माझ्या तोंडून येणार नाहीत. तिच्या अंगाला सुई जरी टोचायची असली तरी आधी तिला सांगू, मग टोचू. तिला सही मी शिकवतोय. तुझ्यासारखी शेपटी अजून जमत नाही तिला.

मला माफ कर असं लिहिणार होतो. नाही लिहीत. त्याचं पण हो की नको तूच ठरवायचं, आणि आता तुला विचारायची सोय मी ठेवली नाही.

हे सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. काय लिव्हलंय वो त्यात, असं विचारलंस तर आता सांगता येईल, ओळ अन् ओळ. मग खाली सही केली.

तुझा भावजी,
वैजनाथ